सोसायटीचा भारद्वाज

मागच्या कुंपणालगतचं झुडूप तोडून तिथे पार्किंग करायचं, हा ठराव अलिबागच्या त्या सोसायटीत एकमताने पास व्हायचा होता. मध्ये दयाराम ठाकूर उभे राहिले. कारखान्यातून निवृत्त झाल्यावर त्यांनी दुर्बीण घेतली होती आणि रोज सकाळी गॅलरीत बसून ते पक्षी न्याहाळायचे. झुडपात भारद्वाजाची जोडी राहते, घरटंही असणार, असं त्यांनी ठासून सांगितलं. लोकांनी ऐकून घेतलं आणि गाड्या तिरप्या लावायच्या की सरळ, यावर चर्चा सुरू केली. चेअरमन अनंता पाटलांनी जेसीबीवाल्याला फोनही लावला.

दयाराम हटले नाहीत. पक्ष्यासाठी कोणी थांबत नाही, पण शकुनासाठी सगळे थांबतात, हे त्यांना ठाऊक होतं. सकाळी भारद्वाज दिसला की काम होतं, हे प्रत्येकाने लहानपणी ऐकलेलं. त्यांनी जिन्यात भेटेल त्याला फक्त आठवण करून दिली. तळमजल्यावरच्या रितेशला मांडव्याच्या बोटीला निघताना भारद्वाज दिसला, आणि त्याच आठवड्यात त्याची मुंबईहून अलिबागला बदली झाली. मग काय विचारता. कोर्टात, मुलाखतीला, जमीनमोजणीला निघालेले लोक आधी झुडपासमोर येऊन उभे राहू लागले. एवढ्या भाविकांसमोर झुडूप तोडा म्हणायची कोणाची छाती होईना. जेसीबी आला तसा परत गेला.

दयारामांची बायको मैना स्वयंपाकघराच्या खिडकीतून हे सगळं बघत होती. "माणसं वाढली," ती म्हणाली, "पन पक्षी कुठं हाय?"

पक्षी गर्दीला बिचकून आत दडला होता. दर्शन होईना तसे लोक कुरकुरू लागले, अनंता पुन्हा पार्किंगचं बोलू लागले. तेव्हा दयारामांनी मोबाईलवर भारद्वाजाचा आवाज मिळवला आणि मोबाईल पिशवीत गुंडाळून हळूच झुडपात ठेवला. दुसऱ्या दिवशी झुडपातून खणखणीत 'ऊप ऊप ऊप' आलं. लोकांनी हात जोडले आणि समाधानाने आपापल्या कामाला गेले.

नेमके त्याच सकाळी अनंतांच्या मुलीला, राहीला बघायला पेणहून पाहुणे आले होते. गाडीतून उतरताच कानावर भारद्वाज पडला, तसा मुलाच्या आईने तिथेच होकार दिला. पाहुणे गेल्यावर अनंता हरखून झुडपाला नमस्कार करायला वाकले, तर समोर फांदीत पिशवी, आणि पिशवी ओरडतेय.

ती घेऊन ते दयारामांकडे आले आणि त्यांनी दार आतून लावून घेतलं.

"ह्यो भारद्वाज तुमचा?"

"आवाज माझा. पक्षी खरा हाय, जरा लाजतो," दयाराम शांतपणे म्हणाले.

अनंता खुर्चीत बसले. मुलाच्या आईने पेणभर सांगितलं होतं; रविवारी साखरपुड्याला ती साऱ्या नातेवाइकांना घेऊन येणार होती, आणि आधी शकुन, मग अंगठी, असा तिचा निरोप होता. "रविवारी तो बोललाच पाहिजे, दयारामभाऊ," अनंता म्हणाले. "झुडपाला कोन हात लावतो, ते मी बगतो."

रविवारी सकाळी वीज नव्हती. शनिवारपासूनच नव्हती. मोबाईल झुडपात ठेवताना बंद पडला, आणि तेवढ्यात पाहुण्यांच्या गाड्या फाटकातून आत आल्या. अनंतांनी एकदा दयारामांकडे पाहिलं, रेशमी कुर्ता सावरला आणि ते झुडपात शिरले.

"ऊप... ऊप... ऊप..."

मुलाच्या आईने हात जोडले, पण आज आवाज बसल्यासारखा वाटतो, अशी शंकाही काढली. पक्षी वयस्कर आहे, असा खुलासा दयारामांनी दुर्बीण न काढता केला.

आपल्या हद्दीत कोणी परका घुसला, असं बहुधा खऱ्या भारद्वाजाला वाटलं असावं. तांबूस पंख फुलवून तो तरातरा कुंपणाच्या भिंतीवर आला, त्याच्या मागून मादीही आली. जोडीचं दर्शन म्हटल्यावर पाहुणे गहिवरले. राहीनेही नमस्कार केला. मुलीच्या वडिलांनी हे बघायला हवं, ते कुठे आहेत, असं सगळे विचारू लागले.

"देवाला फुलं आणायला गेलेत," दयाराम म्हणाले.

नर झुडपाकडे तोंड करून हाका देत राहिला. तो गप्प झाला की पाहुणे कान टवकारायचे, आणि आतून नाइलाजाने उत्तर यायचं. उत्तर आलं की तो आणखी चिडायचा. मुहूर्त जवळ येत होता, पण जोडी भिंत सोडेना आणि पाहुणे जागचे हलेनात.

मैनाने सगळ्यांना चहा दिला. मग आणखी एक कप पदराआड धरून ती झुडपाच्या मागच्या बाजूला गेली.