ढोबळेजींचे बोट

१२ फेब्रुवारी, दुपारी एक वाजून दहा मिनिटे. माझा जेवणाचा डबा उघडेना, कारण आमचे तंत्रज्ञ ढोबळेजी यांनी तो 'जरासा कसला' होता. जबलपूरच्या आमच्या प्रयोगशाळेत डब्याचे असो की नमुन्याच्या बाटलीचे, झाकण दिसले, की हा मनुष्य ते काढतो, आतल्या आट्यांवरून उघडे बोट फिरवतो आणि पुन्हा पिळून बसवतो.

"हातमोजे, ढोबळेजी?"

"हातमोज्यात काय समजते, दीदी? हात सांगते नं."

पेशींच्या आवरणातले स्निग्ध रेणू सतत बदलत असतात. पेशींना जड हायड्रोजनची खूण असलेले अन्न द्यायचे आणि रेणूंचे वजन करणाऱ्या मास स्पेक्ट्रोमीटरवर जुने, हलके रेणू किती उरले ते मोजायचे, हे माझे काम. अर्धे आवरण किती तासांत बदलते, हा आकडा शुक्रवारी समितीपुढे ठेवायचा होता. माझी शिष्यवृत्ती त्यावर अवलंबून होती. तीन प्रयोगांनी तीन आकडे दिले: एकोणीस, सव्वीस, एकतीस.

"जुनं इतक्या लवकर जात नसते, दीदी," ढोबळेजींनी माझे सांत्वन केले.

मग आलेखात एक परका रेणू सापडला. तो या पेशींत नसतो, मोहरीच्या तेलात असतो. त्या तेलाचे हलके रेणू यंत्र 'जुने' म्हणून मोजत होते.

"तुम्ही हाताला सरसोचे तेल लावता?" मी शक्य तितक्या शांतपणे विचारले.

"मी काहून लावू? बायकोले लावतो. लकवा मारला नं तिले. डावा हात चोळून देतो, मंग रांझीहून बस पकडतो." त्यांनी यंत्राकडे बोट केले. "हे मशीन सांगते काय जी, तेल आत जाते का वरच राहते?"

"शुक्रवार होऊ द्या," मी म्हटले.

त्यांनी हातमोजे घातले. आवळणे थांबले नाही. प्रयोग पुन्हा केले, तिन्ही आकडे एकोणिसाच्या आसपास जुळले आणि समितीने मान डोलावली.

शनिवारी माझ्या टेबलावर दोन बाटल्या होत्या. ढोबळेजींनी पत्नीचा तळहात पुसलेला कापूस: एकीत चोळल्याबरोबरचा, दुसरीत त्याच संध्याकाळचा. वेळा मिनिटांसह लिहिलेल्या. यंत्राचा तास अशा कामासाठी नसतो. मी तो दिला.

"बाकीचं आत गेलं म्हणायचं, दीदी?" आकडा पाहून त्यांनी विचारले.

बाकीचे चादरीला लागले असेल, उशीला लागले असेल. कोणत्याही परीक्षकाने हेच प्रथम विचारले असते. मी "हो" म्हटले आणि वहीत एवढेच नोंदवले: संध्याकाळी तळहातावर उरलेले तेल, अकरा टक्के.