मेटाफरचा पंचनामा

गेडामकाका इंग्रजी कवितेचा पंचनामा करतात. पुस्तकाशेजारी आखीव वही ठेवून तीत घटनास्थळ, वेळ, हजर इसम आणि 'प्रत्यक्ष दिसले ते' असे रकाने पाडतात.

"'टाइम इज अ थीफ'," ते वाचतात. "चोरी कवा झाली? काय गेलं? पाह्यलं कोणी?"

शाळेत हेच उदाहरण पाठ करून मी मार्क मिळवले होते. काय चोरीला गेलं, हे मला कोणी विचारलं नव्हतं.

काका चंद्रपुरात आमच्या शेजारी राहतात. उभी नोकरी वनरक्षक म्हणून गडचिरोलीच्या जंगलात काढली. रिटायर झाल्यावर काकूंनीच त्यांचा बी.ए.चा फॉर्म भरला. काकू शाळेत शिकवायच्या. मग त्यांना लकवा मारला, पण काकांनी अभ्यास सोडला नाही. बाकी विषय निघाले, इंग्रजी दोनदा राहिलं. नोंदणीची मुदत यंदा संपते. पेपरात 'स्वतःचे मेटाफर', म्हणजे रूपक, 'लिहा' असा प्रश्न येतो आणि काका ती जागा कोरी सोडतात.

"आमची पोरगी इंग्लिश मीडियमची हाय, देते ना शिकवून," असं आईनं मला न विचारता सांगून टाकलं. तेव्हापासून रोज संध्याकाळी आमच्या ओट्यावर शिकवणी चालते. चार माणसांत बोलायचं म्हटलं की माझी जीभ टाळूला चिकटते. काकांची त्याबद्दल काही तक्रार नाही. बोलायचं काम तेच करतात.

सिमिली, म्हणजे उपमा, त्यांना मान्य आहे. "'बिबट्यासारखा प्राणी दिसला' असं लिहिता येते. साहेब सही करते. पण तुह्या मेटाफरवाला सरळ 'बिबट्या होता' म्हणते आन् निंगते तिथी माणूस. हे खोटं बयान झालं, बेटा."

'ही इज अ लायन' या वाक्यावर दोन संध्याकाळी गेल्या. सिंह आपल्याकडे नाही, वाघ लिहिलं तर चालेल का, असं त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. "मंग शूर काऊन म्हणता? वाघ शूर नाई रे बाप्पा, वाघ सावध राह्यते. माणूस दिसला का पह्यले तोच बाजूले होते." वहीत शेरा पडला : पुराव्याअभावी अमान्य.

परीक्षेच्या आदल्या दिवशी मी पाच मेटाफर कागदावर लिहून त्यांच्या घरी गेले. काकांनी कागद वाचला आणि घडी करून परत दिला. "हे तुह्ये हायेत. माह्या पेपरात कसे घेऊ?"

काकू खुर्चीत बसल्या होत्या. लकव्यानंतर त्यांना शब्द सापडत नाहीत, हे आईकडून ऐकलं होतं. "पाखरू," त्या म्हणाल्या. काकांनी पंखा कमी केला. मग "नदी" ऐकू आलं, काकांनी पाण्याचा पेला दिला. कुठेही काही अडलं नाही.

"छत्री," काकू म्हणाल्या.

"हो, हाय ना इथी," म्हणत काका खुर्चीजवळ जाऊन बसले. मी त्यांच्याकडे पाहत राहिले. त्यांना जरा संकोच वाटला.

"ते मले छत्री म्हणते. पह्यले समजलंच नाई. मे महिन्यात छत्री मागे. मी आणून दिली, तिनं फेकली. वाटलं जुनी हाय. बाजारातून नवी आणली, तेही फेकली. मंग एक दिवस मी नुसता जवळ बसलो. चूप झाली."

"काका, हाच मेटाफर," मी म्हटलं.

काका म्हणाले, "पण ते खोटं थोडी बोलून राह्यली."

"नाही."

"मंग लिहू म्हणते?"

"लिहा."

"तिचा शब्द हाय. तिले विचारा लागन." ते काकूंकडे वळले. "मास्तरीणबाई, तुमचा छत्रीवाला शब्द उद्या पेपरात लिहू का?"

काकूंनी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. मग चांगल्या हातानं त्यांच्या खिशातला पेन उपसला. एका हातानं टोपण निघेना, तेव्हा तो तसाच त्यांच्यापुढे धरला. काकांनी टोपण काढलं, वही उघडली आणि रकाने न पाडता कोरं पान समोर घेतलं.

"बेटा," ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "छत्रीची स्पेलिंग सांग."

मी एकेक अक्षर सावकाश सांगितलं.