उतू जायची परवानगी

आमच्या शिंपी आळीत दूध उतू जायच्या आधी विचारतं. पातेल्याच्या काठापर्यंत येतं, तिथं थांबतं आणि म्हणतं, "येऊ का?" घरातलं कुणीतरी "थांब" म्हणून गॅस बारीक करतं आणि दूध खाली बसतं. त्याला फार वेळ ताटकळत ठेवायचं नाही, एवढं पथ्य पाळलं की झालं. इतर गावांत दूध न विचारता जातं असं ऐकतो. तिथली माणसं दिवसभर ओटा पुसण्याशिवाय दुसरं काय करत असतील, देव जाणे.

प्रमिलावहिनी हावळांचा सगळा संसार भाड्याच्या खोल्यांत गेला. त्यांची घरमालकीण रोज ओट्यावरून बोट फिरवून बघायची. त्यामुळे "थांब" म्हणण्यात वहिनींचा हात धरणारं आळीत कुणी नव्हतं. दुधाचं बोलणं पुरं व्हायच्या आत यांचा हुकूम सुटलेला आणि हात बटणावर गेलेला.

यंदा त्यांनी आळीतल्याच नव्या इमारतीत स्वतःच्या दोन खोल्या घेतल्या आणि वास्तुशांत ठेवली. वास्तुशांतीला दूध मुद्दाम उतू घालवतात, घरात सगळं ओसंडून वाहावं म्हणून. वहिनींच्या सासूबाई, गोदाक्का, यांनी सांगून टाकलं की मुहूर्तात दूध ओसंडलं नाही तर त्या या घरात राहणार नाहीत, परत भाड्याच्या खोलीत जातील. गोदाक्का गेल्या की त्यांचा मुलगा जाणार, आणि मुलगा गेला की वहिनींना तरी इथं कोण राहू देणार?

पातेलं चढलं. दूध वर आलं आणि अदबीनं म्हणालं, "येऊ का?"

"थांब," वहिनी म्हणाल्या, आणि गॅस बारीक झालासुद्धा.

गुरुजींनी मंत्र मधेच गिळला. वहिनींनी जीभ चावली. पुन्हा गॅस मोठा केला, पुन्हा दूध आलं, पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी त्यांचे जावई विनायकराव बटणापुढे आडवे उभे राहिले. विनायकराव शाळेत विज्ञान शिकवतात आणि सुट्टीच्या दिवशीही शिकवतात. त्यांनी सांगितलं की पाणी नुसतं उकळतं, फुगत नाही, कारण पाण्याचे बुडबुडे वर येऊन फुटून जातात. दुधात प्रथिनं असतात. ती प्रत्येक बुडबुड्याला आतून पातळ अस्तर लावतात, म्हणून बुडबुडा लवकर फुटत नाही. त्यात वर साय धरलेली, वाफेला वाट नाही. मग बुडबुड्यांवर बुडबुडे चढतात आणि सगळं लटांबर वर निघतं.

एवढ्या पातळ वाफेला अस्तर लावायचं, तेही सुईदोऱ्याशिवाय! मी पातेल्याकडे नव्यानं बघायला लागलो. आमच्या आळीत असा कारागीर दुसरा नाही. मी दुधालाच विचारलं, जावई म्हणतात ते खरं का?

"खरं आहे," दूध म्हणालं. ते काठावर घुमटासारखं फुगलं होतं. "खालून वाफ ढकलते आहे. मला फार वेळ धरवणार नाही. काय तो निर्णय द्या."

विनायकराव म्हणाले, "ये." गुरुजी म्हणाले, "ये." गोदाक्कांचा मुलगाही म्हणाला. दुधानं प्रत्येकाला शांतपणे विचारलं की या ओट्यावर रोज कोण उभं राहणार. सगळ्यांनी वहिनींकडे बोट दाखवलं. मग परवानगी त्यांचीच लागेल, असं दुधानं कळवलं.

वहिनींनी तोंड उघडलं. ओठांवर "थांब" येताना मला स्पष्ट दिसलं. गुरुजी घड्याळाकडे बघत होते. गोदाक्का चपला शोधायला लागल्या होत्या.

मला आयुष्यात दुसऱ्याच्या खोड्या काढण्यापलीकडे फारसं काही जमलेलं नाही. मी पुढे झालो, ओट्यावरून बोट फिरवलं, बोट डोळ्यांजवळ नेऊन नीट न्याहाळलं आणि म्हणालो, "प्रमिलाबाई, दुसऱ्याचा ओटा आहे हो. डाग पडला तर खोली खाली करावी लागेल."

वहिनींनी आधी माझ्या बोटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"भाऊजी," त्या अगदी हळू म्हणाल्या, "बोट काढा. ओटा माझा आहे." मग पातेल्याकडे वळल्या. "ये. हवं तेवढं ये."

"कोणत्या बाजूनं?" दुधानं विचारलं. "पूर्वेला शुभ मानतात."

"सगळीकडून."

दूध आलं. साय फाटली, चारी अंगांनी पांढरं उतरलं, गॅस चर्र करून विझला. विनायकरावांनी घाईनं बटण बंद केलं. धाकट्या जावेनं फडकं उचललं, तर वहिनींनी ते काढून घेतलं आणि त्यावर बसल्या. गोदाक्कांनी पाय आखडून घेतले, मग बोट बुडवून दूध चाखलं आणि साखर कुठल्या डब्यात ठेवलीय असं सुनेला विचारलं. आम्ही सगळे हात जोडून उभे होतो.

दूध ओट्यावरून फरशीवर उतरलं, फरशीवरून दारापर्यंत गेलं आणि उंबऱ्याशी थांबलं.

"बाहेर जिना आहे," ते म्हणालं. "सामायिक दिसतो. जाऊ का?"

वहिनींनी क्षणभर विचार केला.

"नको," त्या म्हणाल्या. "घरातच राहा."

दूध राहिलं.