नारबा साळिंदराची तबकडी

एका जंगलात, बाळांनो, दोन जंगले होती. एक वर, जमिनीवर. तिथे झाडे होती, ऊन होते आणि पहाटे बुलबुल फुकट गात असत. दुसरे खाली, भुयारात. तिथे यातले काहीच नव्हते, म्हणून तिथले रहिवासी स्वतःला श्रेष्ठ समजत.

या भुयारात एक पंथ होता. ठोका आणि खर्ज, एवढेच त्याचे दैवत. ठोका म्हणजे धावत सुटलेला ताल. खर्ज म्हणजे इतका खालचा सूर की तो कानाला न कळता पोटाला कळावा. ठोका मिनिटाला एकशे चौऱ्याहत्तर हवा, असा दंडक होता. एकशे त्र्याहत्तर वाजवणारा मवाळ ठरे आणि एकशे पंचाहत्तर वाजवणारा उथळ.

भुयाराचा पत्ता कोणाला सांगत नसत. ज्याला पत्ता विचारावा लागतो तो यायला लायक नाही, असे त्यांचे म्हणणे होते. त्यामुळे श्रोते मोजून बावीस. त्यांतले एकोणीस स्वतःच वादक होते आणि आपली पाळी कधी येते याची वाट पाहत बसत. उरलेल्यांत दोघे खर्ज ऐकून ऐकून बहिरे झालेले होते. बाविसावा एक वाट चुकलेला ससा होता. तो केवळ भिडेखातर थांबला होता.

तिथे हसणे वर्ज्य होते. एखादी चाल फार आवडली तर कुजका वास आल्यासारखे तोंड करायचे आणि मान हळूहळू हलवायची. तोंड जितके वेडेवाकडे, तितका रसिक मोठा.

घरची नावेही तिथे चालत नसत. उदमांजराला घरी बाळ्या म्हणत, भुयारात तो 'विवर' होता. आपल्या कथेचा नायक साळिंदर. त्याचे नाव नारबा. भुयारात त्याने 'गर्ता' हे नाव घेतले होते. त्याच्या बायकोने, सगुणाने, या नावाचा अर्थ विचारला. खोल खड्डा, असे त्याने सांगितले. तेवढ्यासाठी नाव बदलायची काय गरज होती, असे ती म्हणाली आणि कंद सोलायला बसली.

नारबा तबकड्या घडवी. वारुळाची माती मळून, थापून, वाळवून तिच्यावर स्वतःच्या गळलेल्या काट्याने तो आवाजाच्या खाचा कोरी. कुंभाराने टाकून दिलेल्या चाकावर ती तबकडी ठेवायची, फिरवायची, वर काट्याचे टोक टेकवायचे. काट्याला जोडलेल्या वाळक्या भोपळ्यातून आवाज घुमे आणि भुयाराच्या भिंती थरथरत.

या कामाचे नियम कडक होते. तबकडी एकच करायची. दुसरी केली की तो बाजारूपणा. आणि घडवणाऱ्याने आपली तबकडी आपण वाजवायची नाही. ते म्हणजे आपल्याच लग्नात आपल्याच डोक्यावर आपण अक्षता टाकून घेणे. वाजवणारा वेगळा हवा.

आणि एक रिवाज होता, तो सर्वांत मोठा. चाल सुरू झाली की ठोका चढत जाई. मग क्षणभर सगळे थांबे. मग ठोका आणि खर्ज एकदम अंगावर येत. याला ते 'कोसळ' म्हणत. कोसळ आवडली की श्रोत्याने भिंतीवर पंजा आपटायचा. पंजा आपटला की वाजवणाऱ्याने काटा उचलायचा आणि चाल पुन्हा पहिल्यापासून लावायची. याहून मोठा मान भुयारात नव्हता.

हा मान कसा आहे, बाळांनो, ते नीट समजून घ्या. समजा, आईने पुरणपोळी केली आणि तुम्ही पहिला घास खाऊन 'वा' म्हणालात. लगेच तिने ताट उचलले आणि पहिला घास पुन्हा भरवला.

नारबाने एक तबकडी तीन वर्षे घडवली. तिची सुरुवात रिवाजाप्रमाणे होती. चढण, थांबा, कोसळ. हे सगळे त्याने आठ दिवसांत उरकले. उरलेला सगळा काळ शेवटात गेला.

त्याचे असे झाले. त्याचे पिल्लू पहिल्यांदा आईमागून चालले तेव्हा त्याचे कोवळे काटे एकमेकांवर वाजले. खुळखुळ नाही, सळसळही नाही, यांच्या मधले काहीतरी. चार पावले चालून पिल्लू पडले. तेवढाच तो आवाज. नारबा दारात उभा होता. त्याला तो आवाज तबकडीत हवा होता. तीन वर्षे तो मातीत हा आवाज शोधत राहिला. ठोका विरत जातो, खर्ज थांबतो आणि शेवटी ती चार पावले ऐकू येतात, हे एकदाचे त्याला जमले. हा शेवट भुयाराने एकदा ऐकावा, एवढीच त्याची इच्छा होती. पिल्लाचा आवाज आहे हे अर्थात तो सांगणार नव्हता. भुयारात पिल्ले असणे कमीपणाचे होते.

भुयारातले थोर जाणकार म्हणजे खवल्याबापू. हे खवले मांजर वयाने वडील होते आणि मताने त्याहून वडील. कोणी प्रतिप्रश्न केला की ते अंगाचे वेटोळे करून घेत आणि वाद संपला असे समजत. नारबाने तबकडी त्यांना दाखवली. त्यांनी कोसळीपर्यंत ऐकले, काटा उचलला आणि म्हणाले, "वाईट नाही."

नारबाला आनंदाने घेरी आली. भुयारात 'वाईट नाही' ही शेवटची पदवी होती. त्यापुढचा शब्दच त्यांच्या भाषेत नव्हता. पुढेही थोडे आहे बापू, असे त्याने चाचरत सांगितले. बापू म्हणाले की जाणत्याला शितावरून भाताची परीक्षा होते.

तबकडी विवरकडे गेली. बैठकीत त्याने ती लावली. चढण झाली, थांबा झाला, कोसळ आली. बावीस तोंडे वेडीवाकडी झाली आणि सात पंजे भिंतीवर आपटले. विवरने काटा उचलून पहिल्यापासून लावले. पुन्हा कोसळ, पुन्हा पंजे. असे नऊ वेळा झाले. तोवर विवरची पाळी संपली आणि पुढचा वादक चाकाशी येऊन बसला.

नारबा तरंगत घरी आला. नऊ वेळा पंजे आपटल्याची हकिगत त्याने सगुणाला दोनदा सांगितली.

तिने विचारले, "म्हणजे आपल्या पोराचं वाजलंच नाही?"

"अगं, नऊ वेळा पहिल्यापासून लावायला लागलं. इतका मान आजवर कोणाला मिळाला नाही."

"ते कळलं. पण पोराचं?"

"पुढच्या बैठकीत," नारबा म्हणाला.

पुढच्या बैठकीत अकरा वेळा झाले. त्याच्या पुढच्या बैठकीत तेरा. गर्ताचे नाव भुयारभर झाले. तरुण घुशी त्याच्याकडे न पाहता जाऊ लागल्या, हेही तिथे आदराचेच लक्षण होते. पण काटा कोसळीपुढे बोटभरही सरकेना.

शेवटी नारबाने विवरला गाठले. एखाद्या वेळी मधूनच लावून बघ, असे त्याने सुचवले.

विवरने त्याच्याकडे कीव केल्यासारखे पाहिले. "मधून? गर्ता, चढण नसेल तर कोसळायचं कुठून? तू घडवतोस, घडव. वाजवण्यातलं तुला कळायचं नाही."

मग नारबा बापूंकडे गेला. दुसरी एक तबकडी करू का, नुसत्या शेवटाची, असे त्याने विचारले. बापू म्हणाले की अवश्य करावी, आणि ती घेऊन वर बुलबुलांशेजारी बसावे, तिथे गर्दी चांगली जमते. एवढे बोलून त्यांनी वेटोळे केले.

पण एक गोष्ट त्याच्या लक्षात आली, आणि ती आणखी कोणाच्या येण्यासारखी नव्हती, कारण माती त्याची होती. मातीची तबकडी काट्याने झिजते. दर वेळी काटा फिरला की खाच थोडी पुसली जाते. सुरुवातीवरून काटा कितीतरी वेळा फिरला होता. तिथला आवाज दर बैठकीला बारीक होत चालला होता. जाणकार म्हणत, हल्ली गर्ता जास्त खोल वाटतो. खोल कसला, तो पुसट होत होता. शेवटावर मात्र ओरखडासुद्धा नव्हता.

नारबाने मनाशी हिशेब मांडला. आणखी दोन बैठकींत सुरुवात साफ गुळगुळीत होईल. मग कोसळ येणार नाही. कोसळ नाही म्हणजे पंजा नाही. पंजा नाही म्हणजे काटा पुढे जाईल, आणि पुढे पोराची चार पावले आहेत.

तो घरी येऊन सगुणाला म्हणाला, "वार्षिक बैठकीला तू ये. त्या दिवशी शेवटपर्यंत वाजणार."

सगुणा आजवर भुयारात गेली नव्हती. त्या दिवशी ती पिल्लाला शेजारणीकडे ठेवून आली आणि अगदी मागे, सशाशेजारी बसली. सशाने तिला हळूच विचारले की बाहेर जायची वाट कुठली.

विवरने तबकडी लावली. चाक फिरले. काटा टेकला. भोपळ्यातून काहीच आले नाही. तबकडीवर वाट तेवढी उरली होती, आवाज गेला होता. काटा गुळगुळीत मातीवरून निमूट सरकत होता.

प्रत्येकाने शेजाऱ्याकडे तिरक्या नजरेने पाहिले. आपल्यालाच ऐकू येत नाही, असे प्रत्येकाला वाटले. ज्याला ऐकू येत नाही तो कच्चा, हे तर सगळ्यांना पाठ होते. दोघे बहिरे तेवढे निश्चिंत होते. त्यांच्या दृष्टीने सगळे नेहमीसारखेच चालले होते.

नारबा काट्याकडे पाहत होता. चढणीची जागा गेली. थांब्याची जागा गेली. कोसळीची जागा आली.

खवल्याबापूंनी डोळे मिटले. त्यांचे तोंड हळूहळू असे वाकडे झाले की तितके वाकडे आजवर कोणी पाहिले नव्हते. मग त्यांनी भिंतीवर पंजा आपटला.

पाठोपाठ एकवीस पंजे आपटले, सशाचासुद्धा. विवरने काटा उचलून पहिल्यापासून लावले.

असे चौदा वेळा झाले. भुयारात चौदा वेळा काहीही वाजले नाही आणि चौदा वेळा ते पहिल्यापासून लावले गेले. काही श्रोत्यांच्या डोळ्यांत पाणी आले. मग बापू उठले आणि बोलले. ठोका आणि खर्ज सगळेच वाजवतात, गर्ताने दोन्ही काढून टाकले, असे त्यांनी समजावून सांगितले. आपला पंथ ज्या तळाकडे निघाला होता तो तळ आज सापडला. आपल्या शेजारच्या दगडी आसनावर आजवर कोणी बसले नव्हते. तिथे आता गर्ताने बसावे.

नारबा आसनाकडे निघाला. तेवढ्यात विवरने पंधराव्या वेळी काटा उचलायला हात पुढे केला आणि मागून आवाज आला.

"अहो, उचलू नका. थोडं पुढं जाऊ द्या ना. पुढं आवाज आहे."

सगळ्यांनी मागे पाहिले. सगुणा उभी होती. कोणीतरी फिसकन हसले. मग एकेक करून सगळे हसले. भुयारात पहिल्यांदाच हसणे झाले, आणि ते आवाज हवा म्हणणारीला होते.

बापूंनी हात वर करून हसणे थांबवले. ही बाई कोण, कोणाची, असे त्यांनी विचारले. मग त्यांनी नारबाकडे पाहिले. साळिंदरे भुयारात दोनच होती.

"गर्ता, तुझ्या ओळखीची आहे?"

नारबाचा एक पाय आसनावर होता. काटा कोसळीच्या पुढे सरकला होता. विवरचा हात वर अधांतरी थांबला होता. आणखी थोडा वेळ कोणी काही बोलले नसते, तर वाजले असते.

"नाही," नारबा म्हणाला. "वरची दिसते. विवर, काटा उचल."

विवरने काटा उचलला. नारबा आसनावर बसला. आसन गार होते, पण उंच होते.

सगुणा घरी गेली. तिच्या मागोमाग ससाही बाहेर पडला, तेवढाच त्या बैठकीचा फायदा. शेजारणीने पिल्लू हवाली करताना कसे झाले म्हणून विचारले.

"चांगलं झालं म्हणतात," सगुणा म्हणाली.

नारबा त्यानंतर घरी फारसा आला नाही. थोरांना घरी जायला वेळ नसतो. तबकडी झिजू नये म्हणून भुयाराने ती उंच कोनाड्यात ठेवली आणि ती वाजवायला कायमची बंदी घातली. नव्या पिढीने मोठ्या निष्ठेने गुळगुळीत तबकड्या घडवायला घेतल्या. कोरायचे काहीच नसल्याने त्या झटपट होत आणि पंथाची भरभराट झाली. गर्ता दर बैठकीला आसनावरून बोलतो. विषय एकच असतो, सुरुवात कशी करावी. एकदा एका नव्या घुशीने भीत भीत विचारले की त्या थोर तबकडीच्या शेवटी काय आहे. आता तो वेटोळे करायलाही शिकला आहे. साळिंदराला ते नीट जमत नाही, पण भुयारात तसे कोणी बोलून दाखवत नाही.

तात्पर्य : ज्याचा शेवट गोड ते सारे गोड, असे तुम्हाला शाळेत शिकवतील. ते परीक्षेत लिहा आणि विसरून जा. शेवटावर जीव टाकणाऱ्याला घरी एकच श्रोता मिळतो आणि त्यालाही चारचौघांत ओळख द्यावी लागते. तेव्हा बाळांनो, सुरुवात झोकात करावी, पुढचे कोणाला ऐकू देऊ नये, आणि पुढे काही आहे असे घरचेच माणूस म्हणू लागले, तर आधी आसनावर दुसरा पाय ठेवावा.