आठल्येबाईंचं लिनक्स

हेमा आठल्ये सकाळी लॅपटॉप चालू करायच्या आणि चहा ठेवायला आत जायच्या. चहा व्हायचा, पिऊन व्हायचा, कप विसळून पालथे पडायचे, तरी पडद्यावरचं गोल चक्र फिरतच असायचं. लेकीनं, सावनीनं, नवा घेतल्यावर हा आईकडे आला होता. वय वर्षं अकरा. बॅटरी मेलेली, त्यामुळे वायर जोडलेली असेल तरच जिवंत. बाजारातल्या दुरुस्तीवाल्यानं तर तो उघडलासुद्धा नाही. डॉक्टर पोटावर वाजवतात तशी झाकणावर दोन बोटं वाजवली आणि सांगितलं, की बाई, याला आता काही झेपायचं नाही, नवा बघा.

बाईंनी तेहतीस वर्षं भूगोल शिकवला होता. "झेपायचं नाही" हे त्यांनी शेवटच्या बाकावरच्या मुलांबद्दलही कधी ऐकून घेतलं नव्हतं.

त्यात रविवार तोंडावर आलेला. गेली दोन वर्षं बाई आसपासचे सडे, म्हणजे डोंगरावरची कातळाची उघडी पठारं, पायी तुडवून तिथल्या पाणवठ्यांची नावं गोळा करत होत्या. गुराख्यांना विचारून, म्हाताऱ्यांना बोलतं करून त्रेसष्ट नावं जमली होती. रडकं तळं, कावळ्याचं पाणी, म्हातारीचं टाकं. कुठल्याच सरकारी नकाशात नसलेली ही नावं बाईंनी स्वतःच्या नकाशावर बसवली होती, आणि रविवारी पाच वाजता वाचनालयाच्या सभागृहात तो नकाशा पडद्यावर दाखवणार होत्या. हे सगळं गुरुवारी त्यांनी नवऱ्याला पुन्हा एकदा ऐकवलं. हरिहरांचं सगळं लक्ष त्यांच्या आंब्याच्या कलमांत. ते म्हणाले, की त्यात काय, इशरतचा लॅपटॉप मागून ने.

"लग्नाला दुसऱ्याचं लुगडं नेसून जाऊ होय?" बाई म्हणाल्या.

इशरत होडेकर मागच्याच गल्लीत राहायची. उर्दू शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेली, बाईंची तीस वर्षांची मैत्रीण. तिची मुलगी मनाल दोह्याला संगणकातच काम करते. तिनं फोनवर उपाय सांगितला. लिनक्स म्हणून एक प्रणाली असते, जगभरच्या माणसांनी मिळून बांधलेली, फुकट, आणि तिची हलकी जात जुन्या यंत्रावरही पळते. मालक कोण, असं बाईंनी विचारल्यावर इशरतनं थोडा विचार केला.

"वाडीची विहीर असते ना गो, तसं. सगळ्यांनी मिळून खणलीय. कोणीही यावं, पाणी न्यावं."

पाणवठ्यांच्या बाईंना हे एका फटक्यात पटलं.

शुक्रवारी सकाळी दोघी कामाला लागल्या. दोघींच्या वयाची बेरीज एकशे अठ्ठावीस. मनालनं सांगितलेल्या पायऱ्या इशरतनं वहीत गणितासारख्या उतरवून घेतल्या होत्या. पहिली पायरी, जुन्यातलं महत्त्वाचं बाहेर काढून ठेवणे. इशरतच्या पेनड्राइव्हवर तिच्या भाच्याच्या लग्नाचं तीन तासांचं चित्रण होतं. ते नवरानवरीनंही दुसऱ्यांदा पाहिलं नव्हतं, म्हणून दोघींनी ते निर्धास्त पुसलं आणि नकाशा त्यावर घेतला. दुसरी पायरी, लिनक्स पेनड्राइव्हवर चढवणे. त्या इशरतच्या घरी गेल्या, तिच्या लॅपटॉपवर ते उतरवून घेतलं, पेनड्राइव्हवर चढवलं आणि वहीत बरोबरची खूण केली.

घरी येऊन पेनड्राइव्ह जुन्या लॅपटॉपला लावला. आता सुरू होताना एफ-बारा हे बटण दाबायचं होतं. एफ-बारा दबेना. मे महिन्यात कधीतरी आंब्याच्या रसाचा थेंब तिथे पडला होता आणि वाळून त्याचं आंबापोळीसारखं साठ झालं होतं. बाईंनी नेलकटरच्या टोकानं ते उकरून काढलं. बटण दबलं. निळा, देखणा पडदा आला आणि त्यानं मराठीत विचारलं, की संपूर्ण डिस्क पुसून नवी प्रणाली बसवायची का. बाईंचं बोट "पुढे"वर गेलं.

"थांब," इशरत म्हणाली. "नकाशा कुठाय?"

"पेनड्राइव्हवर."

"आणि लिनक्स?"

"पेन…"

लिनक्स चढताना पेनड्राइव्ह आधी साफ पुसला गेला होता. भाच्याच्या लग्नाच्या मागोमाग त्रेसष्ट पाणवठेही गेले होते. उरली होती ती एकच प्रत, याच डिस्कवर, आणि बोट अजून बटणावर. बाईंनी ते तापल्या तव्यावरून उचलावं तसं उचललं. मग लॅपटॉप बंद केला, पुन्हा जुन्या पद्धतीनं चालू केला, आणि नकाशा इशरतला ईमेलनं पाठवला. या कामाला एक तास दहा मिनिटं लागली. नकाशा पोचला, इशरतनं तो आपल्या घरी जाऊन उघडून पाहिला, रडकं तळं जागेवर आहे असा फोन केला, तेव्हा बाई पाणी प्यायल्या.

दुपारी जेवणं उरकून बाईंनी "पुढे" दाबलं. पट्टी सरकू लागली. तीस टक्के, पन्नास टक्के. एकाहत्तरवर आल्यावर बाई कोकम सरबत करायला आत गेल्या आणि इशरत ग्लास घ्यायला मागोमाग. त्याच वेळी हरिहर बागेतून आले. रिकाम्या खोलीत भिंतीवरचं चालू दिसलेलं बटण बंद करणे, हा त्यांचा चाळीस वर्षांचा नेम. तो त्यांनी पाळला.

दोघी बाहेर आल्या तेव्हा पडदा काळा. पुन्हा चालू केल्यावर त्यावर एकच ओळ आली, की या यंत्रात कुठलीही प्रणाली नाही. म्हणजे जुनं गेलं होतं आणि नवं आलं नव्हतं. हरिहर दारात उभे होते. आपण काहीतरी केलंय हे त्यांना कळलं होतं, काय ते कळलं नव्हतं. बाईंनी एक खुर्ची आणून त्या बटणाखाली ठेवली आणि हरिहरांना तीवर बसायला सांगितलं. पुढचा पाऊण तास त्यांनी त्या बटणाची राखण केली. मधे एकदा खाज आली तर डाव्या हातानं खाजवली, उजवा बटणावरच होता.

या वेळी पट्टी शंभरावर पोचली. पण वायफाय दिसेना. त्याचा चालक, म्हणजे ड्रायव्हर, इंटरनेटवरून उतरवून घ्या, असं पडदा सांगत होता.

"बादली विहिरीत पडली नि गळ पण विहिरीत," बाई म्हणाल्या.

इशरतनं वहीचं पान उलटलं. मनालनं तेही सांगून ठेवलं होतं. फोन वायरनं लॅपटॉपला जोडला, फोनचं इंटरनेट आत गेलं, चालक उतरला, वायफायची खूण उमटली, आणि नकाशा ईमेलमधून परत उतरवून घेतला. बाईंनी लॅपटॉप बंद करून पुन्हा चालू केला आणि इशरत घड्याळाकडे बघत राहिली. बत्तीस सेकंद. बाईंनी पुन्हा बंद केला, पुन्हा चालू केला. पुन्हा बत्तीस. हरिहरांनी अजून एकदा दाखव म्हटलं, तेव्हा तिसऱ्यांदाही दाखवला. सहा वाजेपर्यंत तो अकरा वेळा चालू झाला होता, आणि दर वेळी बाईंची मान तसूभर ताठ होत होती.

रविवारी सभागृह भरलं. बाईंनी सगळ्यांसमोर लॅपटॉप उघडला, तो लागलीच उघडला, आणि पुढचा तासभर त्या एकेक पाणवठा सांगत गेल्या. कुठल्या तळ्यावर कोण गुरं नेई, कुठलं पाणी चैत्रातही आटत नाही. लोक मन लावून ऐकत होते. शेवटी कोणाला काही विचारायचंय का, असं बाईंनी म्हटलं. सात हात वर झाले. दोन वर्षांच्या पायपिटीचं चीज झालं असं बाईंना वाटलं. पहिला हात सगुणाचा, त्यांच्या जुन्या विद्यार्थिनीचा.

"बाई, माझा पण एक लॅपटॉप पडून आहे. तो असा होईल का?"

बाकीच्या सहांचंही तेच होतं. पाणवठ्यांबद्दल कोणालाच काही विचारायचं नव्हतं. बाईंनी एकदा नकाशाकडे पाहिलं, एकदा पहिल्या रांगेतल्या इशरतकडे. इशरतनं वही उघडून पेन काढलंच होतं.

"करून देऊ," बाई म्हणाल्या. "पण येताना नकाशात नसलेल्या एका पाणवठ्याचं नाव आणायचं. जागा स्वतः जाऊन बघायची, मगच यायचं."

महिन्याभरात बाईंच्या पडवीत एकोणीस लॅपटॉप येऊन गेले. वीस-वीस वर्षं सड्याकडे न फिरकलेली माणसं आजेसासऱ्यांना, गुराख्यांना विचारत कातळावर उन्हातून हिंडली. नकाशावर ब्याऐंशी नावं झाली.

एका सकाळी इशरत पडवीत नोंदी करत असताना हरिहर आले आणि रांगेतल्यासारखे उभे राहिले. हातात त्यांचा मोबाइल. तो हल्ली फार हळू चालतो म्हणाले, आणि नाव आणलंय, म्हैसपाणी, बागेच्या वरच्या सड्यावर, काल जाऊन बघून आलो.

बाईंनी नकाशा उघडला आणि ते नाव बोटानं शोधलं.

"आहे हे. एकोणचाळीस नंबर," त्या म्हणाल्या. "दुसरं आणा."

हरिहरांनी खुंटीवरची टोपी घेतली आणि सड्याच्या वाटेला लागले.