ठेवलेली वस्तू ठेवली तिथे राहील असा वाडगा

माणूस निवृत्त झाला की त्याच्या हातांचं काय करायचं, हा प्रश्न त्याला सोडून घरातल्या सगळ्यांना पडतो. यावर आजवर जे उपाय निघाले (कुंड्या, शब्दकोडी, इमारतीच्या बैठका), त्यांत लेथवर लाकडी वाडगे कातणं हा सर्वांत उदात्त उपाय आहे, असं माझं नम्र मत आहे. कुंडीतलं रोप मेलं तर दोष मातीवर ढकलता येतो. वाडग्यात तशी पळवाट नाही. शिवाय यंत्राचा आवाज मोठा असल्याने आपण कामात आहोत हे शेजाऱ्यांनाही कळतं, आणि ते कळवायलाही येतात.

कातकामाचं तत्त्व सोपं आहे. एरवी सुतारकामात लाकूड गप्प पडलेलं असतं आणि हत्यार हलतं. इथे लाकूड गरगरा फिरतं आणि हत्यार धरणाऱ्याने स्थिर राहायचं असतं. उभं आयुष्य ग्रंथालयाच्या एकाच खुर्चीत काढलेल्या माणसाला हे जमायला हरकत नव्हती.

नवशिक्याने आधी पुस्तकं वाचावीत. मी चार वाचली. पहिली तीन वाचू नयेत, असं चौथ्याच्या प्रस्तावनेत होतं. मग हौशी लोकांच्या एका वर्गात गेलो. तिथल्या बाई प्रत्येकाच्या कामाला "छान" म्हणत. माझ्या शेजारी एक दंतवैद्य असे. त्याच्या वाडग्याला बाजूने भोक पडलं, तेव्हा बाईंनी तो खिडकीकडे धरला आणि म्हटलं, "छान. उजेड येतोय." अशा वातावरणात माणसाची प्रगती थांबवणं अवघड असतं. मी लेथ घरी आणला आणि मागच्या खोलीत बसवला.

त्या खोलीत माझ्या बायकोचं शिवणयंत्र येणार होतं, हे मला लेथचे बोल्ट जमिनीत पक्के झाल्यावर कळलं (त्याआधी ते तिने मला तीनदा सांगितलं होतं). तिने शिवलेल्या पिशव्या लोक दारात येऊन मागून नेतात. माझे वाडगे लोकांना दारात जाऊन द्यावे लागतात. तरी तिने शिवणयंत्र जेवणाच्या टेबलाच्या एका टोकाला मांडलं आणि पाचव्या वाडग्यापर्यंत चकार शब्द काढला नाही. पाचवा वाडगा भिंतीवर आपटून खिडकीतून बाहेर गेला, तेव्हा ती दारात येऊन उभी राहिली.

"अहो, हे धूड इथून कधी हलायचं?"

"वाडगा झाला की."

"कितवा? महिनाअखेरपर्यंत मला एक वाडगा दाखवा. नक्षी नको, चकाकी नको. त्यात ठेवलेली वस्तू ठेवली तिथे राहील, एवढं बघा. नाहीतर माझं यंत्र आत येईल आणि तुमचं भंगारात जाईल."

"बाबा, अट वाजवी आहे," मुलगा आतून म्हणाला. (तो विमा कंपनीत आहे. अटी वाजवी वाटणं हा त्याचा पेशा आहे.)

खोली गेली असती तर मला पुन्हा दिवाणखान्यात बसावं लागलं असतं. तिथे टीव्ही आहे. टीव्हीसमोर बसलेल्या म्हाताऱ्याला येणारे-जाणारे "काय, कसं काय?" विचारतात आणि उत्तर ऐकायला थांबत नाहीत. लेथसमोर उभ्या असलेल्या म्हाताऱ्यापासून ते चार हात लांब राहतात. या वयात तेवढा मान पुष्कळ झाला.

तेव्हा आतापर्यंतच्या कामाचा तटस्थ आढावा घेणं भाग होतं. आणलेल्या लाकडाचे शंभर भाग मानले, तर भुसा व ढलप्या ब्याण्णव, वाडगे पाच, आणि उरलेले तीन भाग माझ्या केसांत, चहात व शेजाऱ्यांच्या वाळत घातलेल्या चादरींवर. वाडगा क्रमांक एक ओल्या लाकडाचा होता. तो आठवड्यात वाळून लंबगोल झाला आणि नंतर चिरला. क्रमांक दोन फळांसाठी घेतला होता. काठ सारखा करता करता तो सुपाऱ्यांचा झाला, आणि शेवटी एका सुपारीचा. क्रमांक तीनबद्दल घरात मतभेद आहेत. क्रमांक चार हा माझा अभिमान. त्याचं पोट डौलदार, काठ एकसारखा, फक्त बूड सपाट ठेवायचं राहिलं. बाहेरून तो इतका सुरेख गोल झाला की टेबलावर ठेवला की कलंडतो आणि आपल्या मनाने निघतो. तो बहुधा फ्रिजखाली सापडतो.

क्रमांक सहावर बोलण्यासारखं काही नाही. मुलाने त्यात पेन्सिली ठेवल्या आणि मग पेन्सिली शोधल्या.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी मी क्रमांक सात चढवला. खरं सांगायचं तर दुपारी चारला तो झाला होता. बूड सपाट, भिंती सारख्या, काठ गुळगुळीत. कुणीही शहाण्या माणसाने तिथे यंत्र बंद केलं असतं. पण आपल्या हातून काही बरं झालं असेल यावर माझा सहसा विश्वास बसत नाही. बूड जरा जाड वाटलं. हत्याराचा एक हात फिरवला. तरी जाड वाटलं. आणखी एक फिरवला. तेव्हा बारीकसा "टक" असा आवाज झाला. वाडगा माझ्या हातात आला आणि बूड तिकडेच, यंत्राला एकनिष्ठ राहून, गरगरत राहिलं.

मी यंत्र बंद केलं आणि ते बिनबुडाचं कडं जेवणाच्या टेबलावर नेऊन ठेवलं. बायको पिशवीला बंद लावत होती.

"हे काय?"

"सातवा."

तिने ते उचललं, त्यातून माझ्याकडे पाहिलं. मी पान्हा आणायला निघालो, बोल्ट सोडवायला.

"थांबा," ती म्हणाली.

उठून तिने लाटणं घेतलं, फ्रिजखालून क्रमांक चार ओढून काढला आणि पदराने पुसला. सातव्याचं कडं टेबलावर ठेवून त्यात चौथा बसवला. तो हलला नाही. तिने त्यात पाच लिंबं ठेवली. टेबलाला मांडीने धक्का देऊन पाहिला. लिंबं होती तिथे राहिली.

"बाबा, अट पूर्ण झाली," मुलगा म्हणाला.

"पण हे दोन आहेत," मी म्हणालो. अन्याय्य लाभ मला पचत नाही.

"अट वाडग्याची होती. एकाच लाकडाचा हवा असं कोण म्हणालं?" तिने बंद पुन्हा हातात घेतला. "भुसा तेवढा झाडा अंगावरचा. आणि खोलीचं दार लावून घेत जा."

तिने असं का केलं, याचा उलगडा चारही पुस्तकांत नाही. शिवणयंत्र अजून टेबलाच्या टोकाला आहे. आम्ही कापड सरकवून जेवतो आणि घास घेण्याआधी टाचणी नाही ना ते बघतो.

लेथ राहिल्यामुळे उत्पादन चालू आहे. आजवर ज्यांना वाडगे दिले, त्या सर्वांनी "छान" म्हटलं. त्यांच्यापैकी कुणाच्याही घरी पुढे वाडगा दिसला नाही. अपवाद एक. दंतवैद्याच्या गच्चीत तो पक्ष्यांच्या पाण्यासाठी ठेवलेला होता. पक्षी शेजारच्या प्लास्टिकच्या डब्यातून पीत होते.

मात्र एक बाब सर्वांनी ध्यानात घ्यावी. "छान" हा शब्द नवशिक्या मागणी म्हणून धरतो. इथवर वाचताना तुम्हीही, भल्या माणसासारखे, एकदा तरी मनात "छान" म्हणाला असाल. तुमच्या वाडग्याचा ठोकळा मी आज सकाळीच लेथवर चढवला आहे. बूड बहुतेक राहील. नाहीच राहिलं, तर जोडीला आणखी एक पाठवतो.