मडक्यातला लाल मणी

"अहो, घाबरता काय! यात कोणाचं काही कळूच शकत नाही. पैज लावते!"

कळसाडी गावातल्या ओट्यावर जमलेल्या बायकांना प्रमिलानं ठासून सांगितलं खरं, पण लपवायचं तिलाच होतं. लेकीच्या, छबीच्या बाळंतपणात ती मरता मरता वाचली. तेव्हा माहेरी गेली असताना ती गुपचूप पाळणा लांबवायचा लूप बसवून आली होती. नवऱ्याला, रतिलालला ठाऊक होतं. सासूला, जमनाबाईंना नव्हतं. आणि जमनाबाईंनी तर औंदा नातवासाठी देवीला नवस बोललेला!

त्यात नेमकी किती जणींनी लूप बसवला याचीच पाहणी करायला नंदुरबारहून आरोग्य खात्याच्या रशिदाताई आल्या. मांडीवर मडकं, मडक्यात मणी, लाल जास्त, पांढरे कमी.

"न बघता एक मणी काढायचा, मला दाखवायचा नाही. लाल आला तर प्रश्न, 'लूप बसवलाय का?' पांढरा आला तर उलटा, 'बसवलेला नाही ना?' फक्त 'हो' किंवा 'नाही' म्हणायचं."

"मंग तुले काय समजनं, माय?" शेजारच्या मंगलाबाई हसल्या.

प्रमिलाच्या अंगात कॉलेज संचारलं. "एकटीच्या 'हो'वरून काहीच नाही कळत! पण मडक्यात लाल किती, पांढरे किती ते ताईंना ठाऊक असतं; साऱ्या गावाची उत्तरं एकत्र केली, की किती जणींनी बसवला त्याचा अंदाज निघतो. नाव कोणाचंच नाही!"

"म्हणजे लाल आनि हो, तं बसाडेल शे," जमनाबाई म्हणाल्या. "पांढरा आनि हो, तं नही."

"बरोब्बर, आत्याबाई!"

इतकं चांगलं शिकवायला नको होतं, हे तिला मागाहून कळलं.

तिच्या हाती लाल आला. "हो!" ती खणखणीत म्हणाली आणि मूठ सैल सोडली. मांडीवरच्या छबीनं तेवढ्यात काय केलं कोण जाणे, मूठ रिकामी! आणि छबीचे गाल हलताहेत!

"छबे! तोंड उघड!"

छबीनं तोंड तलाठ्याच्या कपाटासारखं बंद केलं. बोट घालून उघडलं, तर आत काही नाही. मांडीवर नाही, सतरंजीवर नाही.

"गिळना व माय, गिळना!" मंगलाबाईंनी छाती बडवली.

रशिदाताई पांढऱ्याफटक पडल्या. "ताई, कोणता होता? पांढरे काचेचे आहेत, आपोआप पडून जातील. पण लाल मिळाले नाहीत म्हणून मीच ते दाराच्या तेलरंगानं रंगवलेत, तो विषारी असतो! लाल असेल तर आत्ताच्या आत्ता शहाद्याला डॉक्टरकडे न्या!"

सगळ्या ओट्याचे डोळे प्रमिलावर. जमनाबाईंचे तर मशालीसारखे!

"प... पांढरा," ती म्हणाली.

"हात्तेरी! मंग केळं चारी दे तिले," मंगलाबाईंनी सुस्कारा टाकला.

आणि छबीला उचकी लागली. साधी उचकी! पण प्रमिलाला पोरीचे ओठ निळे दिसले, नखं काळी दिसली, स्मशानात मूठमाती देणारा स्वतःचा हात दिसला.

"लाल! लाल होता हो! गाडी जुंपा!"



"लाल..." जमनाबाई सावकाश म्हणाल्या. "आनि हो."

मग त्यांनी छबीला उचलून उलटं धरलं, पाठीवर थोपटलं. झबल्याच्या घडीतून मणी टप्पकन खाली पडला. कोरडा ठणठणीत! पोरीनं तो तोंडाला लावलासुद्धा नव्हता.

प्रमिला डोळे मिटून उभी राहिली. आता वीज पडणार!

"तुन्हं बाळंतपण मी देखेल शे," जमनाबाई मणी उचलत म्हणाल्या. "मले सांगती तं मी काय तुले खाती? नवस मी बोलेल शे. देवीले मीच समजाडसू."

प्रमिलाला रडूच कोसळलं. रशिदाताईंनी घाम पुसला आणि मडकं पुन्हा तिच्यापुढे सरकवलं.

"ताई, तुम्ही रंग सांगितलात, म्हणजे हे उत्तर बाद. परत मणी काढा. आणि अजिबात काळजी करू नका, कोणाला काही कळणार नाही!"